दाभोळ वीज करार आणि शासकीय खरेदीतील उत्तरदायित्व : एक ऐतिहासिक चिकित्सा

प्रस्तावना

शासन जेव्हा एखादी वस्तू, सेवा अथवा बांधकाम विकत घेते तेव्हा तो व्यवहार वरकरणी साध्या गिऱ्हाइकाचाच असतो. फरक एवढाच की येथे पैसा एकाचा, निवड दुसऱ्याची आणि वापर तिसऱ्याचा असतो. म्हणूनच शासकीय खरेदीला जाहीर निविदा, दरपत्रके, तुलनात्मक तक्ता, मंजुरी आणि लेखापरीक्षण अशा पायऱ्या घालून दिलेल्या आहेत. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेसाठी चार सूक्ष्मदर्शक घ्यावयाचे झाले तरी तीन दरपत्रके जोडावी लागतात, हे आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे. असे असता १९९२ ते १९९६ या कालखंडात, भारतातील त्या वेळचा सर्वांत मोठा परकीय गुंतवणुकीचा प्रकल्प म्हणून ओळखला गेलेला करार महाराष्ट्रात स्पर्धात्मक निविदेविना झाला. तो एकदा नव्हे, दोनदा झाला. आणि दोन परस्परविरोधी राजकीय पक्षांच्या शासनांनी तो केला. प्रस्तुत लेखात त्या कराराचा, म्हणजेच दाभोळ वीज प्रकल्पाच्या खरेदी-व्यवहाराचा इतिहास तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रारंभी नावाविषयी एक खुलासा आवश्यक आहे. दाभोळ हे प्राचीन बंदर खाडीच्या उत्तर तीरावर, दापोली तालुक्यात आहे. प्रकल्प मात्र दक्षिण तीरावर, गुहागर तालुक्यात अंजनवेल, वेलदूर व रानवी या गावांच्या परिसरात, गोपाळगडाच्या शेजारी उभा राहिला. चिपळूणवरून वाहत येणारी वाशिष्ठी तेथेच समुद्राला मिळते. कागदोपत्री दाभोळ, जागेवर अंजनवेल आणि लोकांच्या तोंडी ‘एन्रॉन’ अशी या प्रकल्पाची तीन नावे झाली.

या विषयावर विपुल लेखन झालेले आहे. त्यातील बहुतांश लेखन विजेचा दर, पर्यावरण, परकीय भांडवल अथवा भ्रष्टाचाराचे आरोप यांभोवती फिरते. प्रस्तुत लेखकाला त्याहून अलीकडची, म्हणजे दराच्याही आधीची एक गोष्ट महत्त्वाची वाटते. दाभोळच्या संपूर्ण व्यवहारात तुलनेसाठी दुसरा आकडा कधीच निर्माण झाला नाही. निविदेचे काम केवळ स्वस्त माल मिळवून देण्याचे नसते. एकाच गरजेसाठी दोन-चार स्वतंत्र किमती शासनाच्या दप्तरात नोंदवून ठेवण्याचे असते. त्या नोंदीवरच पुढे विधिमंडळ, लेखापरीक्षक, न्यायालय आणि सामान्य नागरिक आपापले प्रश्न विचारू शकतात. ती नोंदच नसेल तर समर्थक आणि टीकाकार दोघेही अंदाजावर भांडत राहतात.

हमीची जुनी परंपरा

निश्चित परताव्याची हमी देऊन परकीय भांडवल आणण्याची कल्पना १९९१ च्या आर्थिक धोरणातून प्रथमच जन्मली असे मानणे इतिहासाला धरून होणार नाही. मुंबई इलाख्याने तो प्रयोग एकोणिसाव्या शतकात अनुभवला होता. १७ ऑगस्ट १८४९ रोजी ईस्ट इंडिया कंपनी आणि ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनी यांच्यात करार झाला. त्यानुसार रेल्वेच्या भागधारकांना त्यांच्या भांडवलावर ५ टक्के व्याजाची हमी देण्यात आली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही गाडी धावली, तिच्यामागे ही हमी होती. मिळकत कमी पडली तर तूट सरकारी तिजोरीतून भरून निघणार होती. आणि सरकारी तिजोरी म्हणजे प्रामुख्याने शेतसारा.

अशा व्यवस्थेत बांधकामात काटकसर करण्याचे कंपनीला काहीच कारण उरत नाही. भांडवली खर्च वाढला तर हमीचे व्याजही वाढते. १८७२ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटच्या समितीपुढे साक्ष देताना भारताचे माजी अर्थसदस्य विल्यम मॅसी यांनी नेमके हेच मान्य केले होते. दादाभाई नौरोजींनी संपत्तीच्या अपवाहाच्या मांडणीत हमीच्या व्याजाचा हिशेब धरला, तर गणेश व्यंकटेश जोशी यांनी पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकातून तत्कालीन आर्थिक धोरणाची आकडेवारीनिशी चिकित्सा केली. रेल्वे उपयुक्त नव्हती असे यांपैकी कोणाचेही म्हणणे नव्हते. खर्च किती आणि तो कोणी तपासला, एवढाच त्यांचा प्रश्न होता. दीडशे वर्षांनंतर गुहागर तालुक्यात तोच प्रश्न जवळजवळ त्याच शब्दांत विचारला गेला, ही बाब इतिहासाच्या अभ्यासकाने नोंदवून ठेवावी अशी आहे.

सामंजस्य करार आणि त्याची घाई

१९९१ मध्ये परकीय चलनाचा पेचप्रसंग उद्भवला. राज्य विद्युत मंडळे तोट्यात होती आणि नव्या वीजकेंद्रांसाठी सार्वजनिक पैसा उपलब्ध नव्हता. अशा वेळी १९४८ च्या विद्युत (पुरवठा) अधिनियमात दुरुस्ती करून वीजनिर्मितीचे क्षेत्र खासगी कंपन्यांना खुले करण्यात आले. संपूर्ण परकीय मालकीला मुभा देण्यात आली. १९९२ च्या अधिसूचनेनुसार केंद्र ६८.५ टक्के क्षमतेने चालल्यास भागभांडवलावर १६ टक्के परतावा मान्य करण्यात आला. केंद्र शासनाने जे आठ प्रकल्प ‘जलदगती’ म्हणून पुढे आणले त्यांत दाभोळ अग्रभागी होता.

१९९२ च्या मे-जूनमध्ये केंद्र शासनाचे उच्चपदस्थ शिष्टमंडळ गुंतवणूकदारांच्या भेटीसाठी परदेशी गेले. त्यानंतर जूनच्या मध्यास अमेरिकेतील ह्यूस्टनच्या एन्रॉन कंपनीचे प्रतिनिधी भारतात आले, आणि २० जून १९९२ रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाने मुंबईत एन्रॉन व जनरल इलेक्ट्रिक यांच्याशी सामंजस्य करार केला. त्या वेळी सुधाकरराव नाईक मुख्यमंत्री होते. येण्यापासून सही होण्यापर्यंत आठवडाही गेला नाही. सुमारे २,००० मेगावॅटचा प्रकल्प, आयात केलेला द्रवरूप नैसर्गिक वायू हे इंधन आणि डॉलरशी निगडित दर या मूलभूत बाबी त्या काही दिवसांतच गृहीत धरल्या गेल्या. पुढील सर्व वाटाघाटी या चौकटीच्या आत झाल्या. वायू की कोळसा, गुहागर की अन्यत्र, एन्रॉन की आणखी कोणी, हे प्रश्न मंडळाने स्वतःहून कोणाला विचारलेच नाहीत.

शासनाच्या बाजूने दोन युक्तिवाद केले जात. एक, देशाची पत खालावलेली असताना दुसरा कोणी स्पर्धक मिळणे अवघड होते. दुसरा, निविदा प्रक्रियेत वेळ गेला असता आणि राज्याला विजेची निकड होती. पहिल्या युक्तिवादात काही तथ्य असू शकेल. परंतु जाहिरातच दिली नाही तर स्पर्धक नव्हता हे कळणार कसे? दुसऱ्याचे उत्तर तर कालक्रमानेच दिले आहे. सामंजस्य करार १९९२ चा. पहिल्या टप्प्यातील वीज प्रत्यक्षात मे १९९९ मध्ये मिळू लागली. वाचविलेल्या वेळाची किंमत सात वर्षे झाली.

येथे कायद्याच्या स्थितीचाही उल्लेख केला पाहिजे. शासनाने कंत्राटे आणि सवलती मनमानी पद्धतीने वाटू नयेत, राज्यघटनेच्या अनुच्छेद १४ मधील समानतेचे तत्त्व शासनाच्या आर्थिक व्यवहारांनाही लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने रमण दयाराम शेट्टी प्रकरणात १९७९ मध्येच स्पष्ट केले होते. दाभोळच्या करारावेळी हे तत्त्व तेरा वर्षांचे जुने होते. गुहागर तालुक्यात रस्त्यावरची एखादी मोरी बांधावयाची असती तर सार्वजनिक बांधकाम विभागाला जाहीर निविदा काढावी लागली असती. त्याच तालुक्यातील हजारो कोटींच्या वीजखरेदीला ती लागली नाही. रक्कम जितकी मोठी तितकी प्रक्रिया सैल, असा हा विलक्षण व्यस्त न्याय होता.

जागतिक बँकेचे पत्र

तुलनेच्या आकड्याच्या सर्वांत जवळ जाणारी गोष्ट बाहेरून आली. प्रकल्पाला अर्थसाहाय्य द्यावे म्हणून केंद्र शासनाने जागतिक बँकेकडे विचारणा केली होती. ३० एप्रिल १९९३ च्या पत्राने बँकेने नकार कळविला. बँकेचे म्हणणे थोडक्यात असे होते : महाराष्ट्राची विजेची मागणी दिवसभर सारखी नसते, ती सकाळी व सायंकाळी वाढते आणि रात्री घटते. अशा राज्यात आयात वायूवर अहोरात्र चालणारे एवढे मोठे केंद्र उभारले तर त्याची महाग वीज घेण्यासाठी कोळशावरची स्वस्त केंद्रे मंद करावी लागतील. आर्थिकदृष्ट्या हा प्रकल्प परवडणारा नाही.

खासगीकरणाचा पुरस्कार करणाऱ्या संस्थेनेच असा अभिप्राय दिला, याला विशेष महत्त्व आहे. एखाद्या सावध गिऱ्हाइकाने येथे थांबून फेरविचार केला असता. प्रत्यक्षात उत्तर दिले गेले, वाटाघाटी चालू राहिल्या आणि ८ डिसेंबर १९९३ रोजी, शरद पवार मुख्यमंत्री असताना, मंडळ आणि दाभोळ पॉवर कंपनी यांच्यात वीज खरेदी करार झाला. कंपनीत एन्रॉनचे ८० टक्के आणि जनरल इलेक्ट्रिक व बेक्टेल यांचे प्रत्येकी १० टक्के भाग होते. पहिला टप्पा ६९५ मेगावॅटचा, दुसरा १,३२० मेगावॅटचा. दुसरा टप्पा घ्यावयाचा की नाही याचा पर्याय त्या वेळी मंडळाकडे होता. हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरणार होता.

कराराची रचना आणि दराचे गणित

कराराचा गाभा समजल्याशिवाय उत्तरदायित्वाचा प्रश्न समजणार नाही. विजेच्या किमतीचे दोन भाग होते. इंधनाचा खर्च हा एक, आणि केंद्र तयार ठेवल्याबद्दल द्यावयाचा स्थिर आकार हा दुसरा. केंद्र ९० टक्के उपलब्ध असेल तर मंडळाने वीज घेतली किंवा न घेतली तरी स्थिर आकार देणे बंधनकारक होते. मुदत वीस वर्षांची, आणि देण्याचा मोठा हिस्सा डॉलरशी बांधलेला.

हिशेबाच्या सोयीसाठी एक उदाहरण घेऊ. ७४० मेगावॅटचे केंद्र महिनाभर ९० टक्के क्षमतेने चालले तर सुमारे ४८ कोटी युनिट वीज निर्माण होते. स्थिर आकार महिन्याला ९६ कोटी रुपये आहे असे समजू. मंडळाने सर्व वीज उचलली तर युनिटमागे २ रुपये पडतात. मागणी नाही म्हणून केवळ १६ कोटी युनिट उचलली तर तोच आकार युनिटमागे ६ रुपये होतो. इंधनाचा खर्च याशिवाय. म्हणजे महाग वीज कमी घ्यावी म्हटले की ती अधिकच महाग होते. त्यात १९९३ मध्ये सुमारे ३१ रुपयांना मिळणारा डॉलर २००१ पर्यंत सुमारे ४७ रुपयांवर गेला. मागणी, इंधन आणि विनिमय दर या तिन्हींची जोखीम ग्राहकावर आणि परतावा कंपनीकडे, अशी ही विभागणी होती. रेल्वेच्या हमीशी तिचे नाते सांगण्याची गरज नसावी.

मंडळाची पत पुरेशी नसल्याने राज्य शासनाने १० फेब्रुवारी १९९४ रोजी हमी दिली, आणि राज्याचीही पत पुरेशी वाटत नसल्याने १५ सप्टेंबर १९९४ रोजी केंद्र शासनाने प्रतिहमी दिली. हमीचे एक वैशिष्ट्य अभ्यासकांच्या नजरेतून सुटते. सही होताना तिजोरीतून एक पैसाही जात नाही. त्यामुळे ती अर्थसंकल्पातील खर्चाची बाब होत नाही आणि त्या खर्चावर विधिमंडळात मतदान होत नाही. वीस वर्षांचे ओझे अशा रीतीने लोकप्रतिनिधींच्या मंजुरीशिवाय राज्यावर येऊ शकले. लेखापरीक्षकाचे काम पैसा गेल्यानंतर सुरू होते, तोपर्यंत कराराचे हात बांधलेले असतात.

१९४८ च्या कायद्यात कलम २९ खाली योजना राजपत्रात व वृत्तपत्रात प्रसिद्ध करून हरकती मागविण्याची तरतूद होती. परंतु प्रसिद्ध करावयाची ती योजना, करार नव्हे. ज्या कागदावर किंमत लिहिलेली होती तो वीज खरेदी करार दीर्घकाळ गोपनीय राहिला. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने खर्चाची पुरेशी छाननी केली नाही, असा आक्षेप घेतला गेला. एका कार्यालयाने दुसऱ्याच्या मंजुरीवर विसंबावे आणि दुसऱ्याने पहिल्याच्या, असे चित्र फाइलींतून उभे राहते. कोणीच तपासले नाही असे म्हणता येत नाही, आणि नेमके कोणी तपासले हेही सांगता येत नाही.

कंपनीच्या एका महिला अधिकाऱ्यांनी जानेवारी १९९५ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष देताना, भारतीयांच्या ‘शिक्षणा’साठी २ कोटी डॉलर खर्च झाल्याचे सांगितले. या विधानावरून भारतात मोठे वादळ उठले. त्याचा अर्थ लाच असाच होतो असे नाही, आणि लाचेचा आरोप पुढेही कोणत्या न्यायालयात सिद्ध झाला नाही. पण तुलनेचा आकडा दप्तरात नसला की प्रत्येक खर्च संशयास्पद दिसतो, आणि कोणताच संशय दूर करता येत नाही.

रद्द केलेला आणि पुन्हा केलेला करार

१९९५ ची विधानसभा निवडणूक या प्रकरणाने गाजली. एन्रॉनला अरबी समुद्रात बुडविण्याची भाषा प्रचारात झाली. मार्च १९९५ मध्ये मनोहर जोशी मुख्यमंत्री आणि गोपीनाथ मुंडे उपमुख्यमंत्री झाले. मुंडे यांच्या अध्यक्षतेखालील मंत्रिमंडळ उपसमितीने जुलैमध्ये अहवाल दिला. स्पर्धात्मक निविदेचा अभाव, एकतर्फी वाटाघाटी, गुप्तता आणि फुगविलेला भांडवली खर्च असे ठळक आक्षेप त्यात होते. ३ ऑगस्ट १९९५ रोजी करार रद्द करण्याची घोषणा विधानसभेत झाली. कंपनीने लंडनमध्ये लवादाची कारवाई सुरू केली. शासनाने सप्टेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयात फसवणुकीच्या आधारावर दावा दाखल केला.

येथवरचा प्रवास उत्तरदायित्वाच्या दृष्टीने आशादायक होता. खरेदीची पद्धत हाच दोष असल्याचे एका शासनाने प्रथमच अधिकृतपणे लिहून ठेवले होते. मात्र नोव्हेंबरच्या प्रारंभी कंपनीच्या प्रमुख अधिकारी रिबेका मार्क मुंबईत शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांना भेटल्या. ८ नोव्हेंबरला फेरवाटाघाटींसाठी तज्ज्ञांचा गट नेमण्यात आला आणि १९ नोव्हेंबरला त्याने अहवाल दिला. अकरा दिवस! ८ जानेवारी १९९६ रोजी शासनाने सुधारित प्रस्ताव स्वीकारला आणि उच्च न्यायालयातील दावा मागे घेतला.

नव्या कराराचे श्रेय म्हणून दर २ रुपये ४० पैशांवरून १ रुपया ८६ पैशांवर आणल्याचे सांगण्यात आले. पुण्याच्या ‘प्रयास’ संस्थेच्या ऊर्जा गटाने व अन्य अभ्यासकांनी या घटीची चिरफाड केली. इंधनाच्या गृहीत किमती बदलल्या होत्या. वायूच्या पुनर्वायूकरणाची सुविधा भांडवली खर्चातून वगळून इंधनाच्या खर्चात टाकली होती. क्षमता मात्र २,०१५ वरून २,१८४ मेगावॅट झाली होती. सर्वांत गंभीर बाब ही की दुसरा टप्पा, जो पूर्वी पर्यायी होता, तो आता बंधनकारक झाला. करार रद्द करणाऱ्या शासनाने राज्याची बांधिलकी मूळ करारापेक्षा वाढविली.

१९९६ चा फेरकरार हाच या इतिहासातील सर्वांत बोधक प्रसंग आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. १९९२ च्या शासनाला निदान अननुभवाचा आणि पेचप्रसंगाचा आधार होता. १९९५ च्या शासनाजवळ स्वतःच्याच उपसमितीचा अहवाल होता. निविदा नव्हती हा दोष त्याने दाखविला आणि उपायही निविदेविनाच केला. मे १९९६ मध्ये दिल्लीतील तेरा दिवसांच्या शासनाने राजीनाम्यापूर्वी सुधारित कराराच्या प्रतिहमीला मान्यता दिली. आता राज्यातील दोन्ही बाजू आणि केंद्रातील निरनिराळी शासने यांच्या सह्या एकाच व्यवहारावर झाल्या होत्या. जबाबदारी सर्वांची झाली तेव्हा ती कोणाकडेच मागता येईना.

न्यायालय आणि गाव

‘सिटू’ ही कामगार संघटना आणि अभय मेहता यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. डिसेंबर १९९६ मध्ये ती फेटाळली गेली, तरी शासनांच्या वर्तनावर न्यायालयाने कठोर ताशेरे ओढले. यापूर्वी जुलै १९९४ मध्ये टाटा सेल्युलर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कंत्राटांच्या न्यायिक पुनर्विलोकनाची मर्यादा आखून दिली होती : न्यायालय निर्णयाची प्रक्रिया तपासते, निर्णयाचे शहाणपण नव्हे. दाभोळमध्ये आक्षेप प्रक्रियेलाच होता. तरीही अनेक मंजुऱ्या मिळालेला, बांधकाम सुरू होऊ घातलेला व्यवहार मोडण्याचे टोक न्यायालयाने गाठले नाही. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्र शासन व कंपनी यांच्याविरुद्धचे आक्षेप बाजूला ठेवून, राज्य शासनाच्या उत्तरदायित्वाच्या प्रश्नापुरतीच नोटीस काढली.

दरम्यान गावांत वेगळाच इतिहास घडत होता. कलमांच्या बागा, मासेमारी आणि खाडीत सोडल्या जाणाऱ्या गरम पाण्याची भीती या कारणांनी अंजनवेल-वेलदूर परिसरात विरोध संघटित झाला. निवृत्त न्यायमूर्ती बी. जी. कोळसे-पाटील यांच्यासारख्या व्यक्तींनाही अटक झाली. ३ जून १९९७ च्या पहाटे पोलिसांनी वेलदूरच्या कोळीवस्तीत शिरून स्त्रियांना मारहाण करून अटक केल्याची नोंद ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने त्याच वर्षी केली. ह्यूमन राइट्स वॉचच्या जानेवारी १९९९ च्या अहवालाने, राज्य राखीव पोलिसांच्या बंदोबस्ताचा खर्च कंपनी देत असल्याकडे लक्ष वेधले. शासकीय खरेदीच्या चर्चेत हा विषय अप्रस्तुत वाटेल. पण ज्यांनी प्रश्न विचारावयाचे त्यांच्यावरील बंदोबस्ताचे पैसे विक्रेत्याने द्यावेत, ही स्थिती उत्तरदायित्वाच्या कोणत्याही व्याख्येत बसणारी नाही.

उलगडा

मे १९९९ मध्ये नाफ्थ्यावर चालणारा पहिला टप्पा सुरू झाला. १९९८ च्या विद्युत नियामक आयोग कायद्यानुसार ऑगस्ट १९९९ मध्ये महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगही अस्तित्वात आला. २००० मध्ये मंडळाच्या दरप्रस्तावावर आयोगाने जाहीर सुनावणी घेतली. दाभोळच्या खरेदीचा तपशील ग्राहक प्रतिनिधींसमोर खुल्या सभागृहात मांडला जाणे, ही सामंजस्य करारानंतर आठ वर्षांनी घडलेली गोष्ट होती. तोपर्यंत नाफ्थ्याचे भाव चढले होते, मंडळ वीज कमी उचलत होते आणि वर सांगितलेले गणित कागदावरून बिलात उतरले होते. २००० च्या काही महिन्यांत युनिटचा दर ७ रुपयांच्याही पुढे गेला.

मंडळाची बिले थकली. फेब्रुवारी २००१ मध्ये कंपनीने नोव्हेंबर २००० च्या ७९ कोटी रुपयांच्या बिलासाठी केंद्राच्या प्रतिहमीचा आधार घेतला. केंद्र जाहीर केलेल्या वेळेत पूर्ण क्षमतेला पोहोचले नाही म्हणून मंडळाने ४०१ कोटींचा दंड मागितला. राज्य शासनाने माधव गोडबोले यांच्या अध्यक्षतेखाली ऊर्जा पुनर्विलोकन समिती नेमली. तिने एप्रिल २००१ मध्ये दिलेल्या अहवालात दोष एका व्यक्तीवर वा पक्षावर न ठेवता केंद्र व राज्य पातळीवरील कारभाराच्या सर्वंकष अपयशावर ठेवला. काही सदस्यांनी न्यायालयीन चौकशीची शिफारस केली. मे २००१ मध्ये मंडळाने करार संपुष्टात आणून वीज घेणे थांबविले. सुमारे ९० टक्के पूर्ण झालेला दुसरा टप्पा तसाच उभा राहिला. २ डिसेंबर २००१ रोजी अमेरिकेत एन्रॉनने दिवाळखोरी जाहीर केली.

इंडोनेशियातील पैतोन वीज प्रकल्पाची कथा याच सुमाराची व याच धाटणीची आहे. तेथेही निविदा नव्हती, दर डॉलरमध्ये होता आणि शेवटी फेरकरार करावा लागला. त्यामुळे दाभोळला केवळ महाराष्ट्राच्या राजकारणाचा दोष मानणे अपुरे ठरते. तथापि पुढचा भार महाराष्ट्राने आणि भारतीय सार्वजनिक संस्थांनीच उचलला. जुलै २००५ मध्ये एनटीपीसी, गेल, भारतीय वित्तसंस्था व महाराष्ट्र शासनाच्या सहभागातून रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी स्थापन होऊन प्रकल्प तिच्याकडे आला. पुढे देशांतर्गत वायूचा पुरवठा आटल्याने २०१३ मध्ये निर्मिती थांबली आणि २०१५ मध्ये रेल्वेला वीज देण्यासाठी अंशतः सुरू झाली. सार्वजनिक पैसा वाचविण्यासाठी बोलावलेल्या खासगी प्रकल्पाची निस्तरानिस्तर सार्वजनिक पैशानेच झाली.

कायद्यातील बदल

या अनुभवाची छाप पुढील कायद्यांवर पडलेली दिसते. २००३ च्या विद्युत अधिनियमाच्या कलम ६३ ने पारदर्शक निविदेतून ठरलेला दर नियामक आयोगाने स्वीकारण्याची वाट घालून दिली. जानेवारी २००५ मध्ये त्यासाठीची मार्गदर्शक तत्त्वे आली. कलम ८६ ने वितरण कंपनीची वीजखरेदी आयोगाच्या नियंत्रणाखाली आणली. माहितीच्या अधिकाराचा महाराष्ट्राचा २००२ चा कायदा आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू झालेला केंद्रीय कायदा यांनी दप्तर पाहण्याचा हक्क दिला. परंतु केंद्रीय कायद्याच्या कलम ८ मधील व्यापारी गोपनीयतेचा अपवाद हीच दाभोळच्या काळातील सबब आहे, हे विसरता येत नाही. व्यापक लोकहित असेल तर तो अपवाद बाजूला सारता येतो. ते लोकहित सिद्ध करण्याचा भार मात्र व्यवहारात बहुधा अर्जदारावरच पडतो.

सर्वसाधारण शासकीय खरेदीच्या बाबतीत प्रगती त्याहून कमी आहे. तामिळनाडूने १९९८ मध्ये आणि कर्नाटकाने १९९९ मध्ये निविदांतील पारदर्शकतेसाठी स्वतंत्र कायदे केले. केंद्राचे सार्वजनिक खरेदी विधेयक २०१२ मध्ये लोकसभेत मांडले गेले आणि २०१४ मध्ये सभागृहाच्या मुदतीबरोबर व्यपगत झाले. महाराष्ट्रात खरेदीचा व्यवहार प्रामुख्याने शासन निर्णय व नियमपुस्तिकांवर चालत आला आहे. शासन निर्णय शासनच बदलू शकते. कायदा बदलावयाचा तर विधिमंडळात यावे लागते. हा फरक दाभोळनंतर तरी आपल्या चर्चेत यावयास हवा होता.

उत्तरदायित्व निश्चित करण्यासाठी राज्य शासनाने २००१ मध्ये न्यायमूर्ती एस. पी. कुर्डुकर यांचा चौकशी आयोग नेमला. तो निष्कर्षापर्यंत पोहोचू शकला नाही. १९९७ ची नोटीस सर्वोच्च न्यायालयात प्रलंबित राहिली. तोपर्यंत विद्युत मंडळाचे २००५ मध्ये विभाजन झाले होते, कंपनी बुडाली होती आणि करारावर सह्या करणारे बहुतेक अधिकारी निवृत्त झाले होते. एप्रिल २०१९ मध्ये, एवढ्या वर्षांनंतर प्रकरण पुढे चालविण्यात अर्थ उरलेला नाही असे सांगून न्यायालयाने ते बंद केले.